देव पारोसे राहू नयेत म्हणून

आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत देवघर नाही असे घर विरळाच. गायकवाडांच्या मागोमाग आलेली घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. दरबारच्या चाकऱ्या गेल्या, वाड्यांचे मजले उतरले, पण देव्हारा होता तेथेच राहिला. कुळस्वामीचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शाळिग्राम, शंख आणि घंटा ही मंडळी जागच्या जागी आहेत. उणी झाली ती माणसे. रावपुरा घ्या, वाडी घ्या की दांडिया बाजार घ्या, कित्येक घरांत आज देव सहा आणि माणूस एक असा हिशोब आहे, आणि ते एक माणूसही बहुधा सत्तरी ओलांडलेले असते. ते आजारी पडले म्हणजे त्याच्या औषधपाण्याची चौकशी चार लोक करतात. त्याच्या देवांची चौकशी कोणी करीत नाही. आजाऱ्याचा जीव मात्र नेमका तेथेच अडकलेला असतो.

आमच्या वाड्यातील माईंच्या दुखण्यात मला हे जवळून पाहावयास मिळाले. माई आमच्या वरच्या माडीवर राहत. यजमान जाऊन पंधरा वर्षे झालेली, एकुलता एक मुलगा परदेशी. २०२२ च्या दिवाळीनंतर त्यांना जिना चढताना दम लागू लागला, पावले सुजू लागली, रात्री आडवे झाले की श्वास कोंडे. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हृदयाची शक्ती कमी झाली आहे, त्यामुळे अंगात पाणी साठते. गोळ्या लिहून दिल्या. लघवी साफ करणारी गोळी सकाळीच घ्यावयाची, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. मीठ अगदी बेताचे. दिवसभरात पाणी, चहा, ताक मिळून दीड लिटर, त्याहून अधिक नाही. रोज सकाळी वजन करावयाचे, आणि दोनतीन दिवसांत ते दोन किलोने वाढले तर वाट न पाहता कळवावयाचे.

हे सारे ऐकून माईंनी मान डोलावली आणि घरी आल्यावर यातले काहीच केले नाही. त्यांची पहाटे पाचला उठून गार पाण्याने आंघोळ, मग सोवळे, मग पाटावर तासभर पूजा, आणि नैवेद्य झाल्याखेरीज तोंडात पाणीदेखील नाही, ही पन्नास वर्षांची वहिवाट. आता पाटावर बसले की दम लागे, उठताना भोवळ येई. एक दिवस पूजा अर्ध्यावर राहिली, दुसऱ्या दिवशी झालीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची सौ. चहा घेऊन वर गेली, तेव्हा आदल्या दिवसाचे ताट तसेच झाकलेले होते आणि गोळ्यांची पाकिटे बंद होती.

"देव पारोसे बसलेत आणि मी खाऊ?" माई म्हणाल्या.

मी त्यांना सांगून पाहिले की आजाऱ्याला मानसपूजेची मोकळीक आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "अरे, मानसपूजा करायला मन ठिकाणावर लागतं. माझं मन सारखं देव्हाऱ्याकडे धावतंय." याला उत्तर नव्हते. मुलाचा फोन आला. त्याचे म्हणणे, आईला एखाद्या वृद्धाश्रमात ठेवू, पैशाची काळजी करू नका. मुलगा वाईट नव्हे. सात समुद्रांपलीकडून त्याला दुसरे काय सुचणार? पण माईंचा प्रश्न एकच होता, "तिथे माझे देव चालतील का?"

मार्ग दाखविला तो समोरच्या माडीवरील गुजराती बांनी. बा पुष्टिमार्गी वैष्णव. त्यांच्याकडे घरच्या ठाकोरजींची पूजा करीत नाहीत, सेवा करतात, आणि शब्दही तोच वापरतात. पहाटे ठाकोरजींना हलक्या हाताने जागे करावयाचे, पाणी कोमट आहे ना ते पाहावयाचे, ऋतूप्रमाणे वस्त्र घालावयाचे, थोडे थोडे खाऊ घालावयाचे, दुपारी निजवावयाचे. लेकराचे करावे तसे हे सारे चालते. बा शांतपणे म्हणाल्या, "माई, तुमच्या लालाची सेवा मी करीन. तुम्ही खुर्चीवर बसा आणि माझ्या चुका काढा."

वाड्यातील एक वडीलधारे कुरकुरले. टाकांना परक्या हातचे पाणी कसे चालेल, सोवळ्याचे काय, वगैरे. आम्ही निकाल माईंवर सोपविला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "गोकुळात त्याने घरोघरचे लोणी खाल्ले. तेव्हा कोणाचे सोवळे पाहिले होते?" वाद तेथेच मिटला. टाकांना स्नान घालण्याचे काम माझ्याकडे आले, बाळकृष्ण बांकडे. फुले आणून देई कोपऱ्यावरचा रिक्षावाला. तो मुसलमान. फुलांच्या पुडीत तुळस असली की पुडी खाली न ठेवता हातात देई. कोणी त्याला शिकविले, देव जाणे.

सकाळी सातला पूजा, साडेसातला नैवेद्य, आणि लगेच माईंची न्याहारी व गोळ्या, असा क्रम बसला. डॉक्टरांच्या सांगण्याला जे जमले नव्हते ते देव्हाऱ्याच्या वेळापत्रकाने जमविले. पुढे माईंनीच एकेक गोष्ट आपल्या रीतीत बसवून घेतली. दीड लिटर पाणी सकाळी त्यांच्या तांब्याकळशांतून मापून भरून ठेवीत. ते संपले की दिवसाचे पाणी संपले. मिठाचे कोडेही त्यांनीच सोडविले. आपल्याकडे नैवेद्याच्या पानावर मीठ वाढत नाहीत. त्या म्हणाल्या, "माझे पानही तसेच समजा. आणि पापड-लोणचे आतच राहू दे." वजनाचा आकडा कालनिर्णयाच्या चौकोनात रोजच्या रोज लिहिला जाई. दोनदा तो आकडा चढला, दोन्ही वेळा डॉक्टरांनी वेळीच गोळी वाढविली आणि रुग्णालयाची पायरी टळली.

गुरुवारी संध्याकाळी बा आणि माई मिळून दत्तबावनी म्हणत. नारेश्वरच्या रंगअवधूत महाराजांचा जन्म १८९८ मध्ये गोध्र्याच्या एका मराठी घरात झाला, आणि त्यांनी १९३५ मध्ये ही बावन्न ओळींची प्रार्थना गुजरातीत रचली. एकीच्या घराण्यातली आणि दुसरीच्या भाषेतली अशी ती प्रार्थना दोघींना सारखीच आपली वाटे. ती म्हणून झाली की माई रात्रीची गोळी घेत. प्रार्थनेने गोळी सुटावी अशी अपेक्षा त्यांनी कधी केली नाही. भेटीला येणारे काही अंगारे, काढे आणि चमत्काराच्या गोष्टी घेऊन येत. माई अंगारा कपाळाला लावीत, काढा खिडकीतल्या कुंडीत जाई.

येथे सयाजीराव महाराजांच्या काळची एक गोष्ट आठवते. त्यांच्या राज्यात १९१५ मध्ये हिंदू पुरोहितांसाठी कायदा झाला. पुरोहिताने परीक्षा द्यावी, विधीचा अर्थ त्याला कळावा आणि तो यजमानालाही कळावा, असा त्याचा रोख होता. त्यावरून त्या काळी बराच गदारोळ झाला. मला मात्र अर्थाचा तो आग्रह माईंच्या उशाशी बसून पटला. आपण षोडशोपचार म्हणतो ते काय आहेत? आसन, पाय धुवावयास पाणी, आचमन, स्नान, वस्त्र, गंध, फूल, दिवा, नैवेद्य. दाराशी आलेल्या दमल्याभागल्या माणसाचे जे करावे तेच आपण देवाचे करतो. पाठीशी तीन उशा रचून दिल्या की ते आसन. सुजलेली पावले हलक्या हाताने पुसून कोरडी केली की ते पाद्य. धुतलेले मऊ लुगडे नेसविले की ते वस्त्र. ज्याला हे घरच्या देव्हाऱ्यात करता येते, त्याला आजाऱ्याच्या खाटेशी वेगळे शिकावे लागत नाही. पुंडलिकाने आईबापांच्या सेवेतून उठावयाचे नाही म्हणून विठोबाला विटेवर उभे केले, असे आपण मानतो. मांडवीच्या विठ्ठलनाथांचा वरघोडा आषाढीला निघतो तेव्हा आपण गर्दी करतो, मग त्या विटेची आठवण ठेवावयास काय हरकत आहे?

मदतीलाही एक सोवळे असते, हे मी माईंकडूनच शिकलो. फळांचे, औषधांचे, रिक्षाचे पैसे त्या वहीत लिहून घेत आणि महिनाअखेर चुकते करीत. "उपकार फेडता येत नाहीत, पण हिशोब फेडता येतो," असे त्या म्हणत. आम्ही ती वही कधी नाकारली नाही. ती नाकारली असती तर त्यांना आमच्याकडून पुन्हा काही मागताना जड गेले असते. त्यांच्या खोलीत आम्ही विचारल्याशिवाय कधी वस्तू हलविली नाही, आणि त्यांच्या मुलाबद्दल त्यांच्यासमोर कोणी वाकडा शब्द काढला नाही.

वृद्धाश्रमाची गोष्ट मागे पडली. माई आणखी दीड वर्ष आपल्या घरात, आपल्या देवांसमोर राहिल्या. शेवटच्या महिन्यात त्यांना एकच घोर लागला होता, आपल्यामागे देवांचे काय? जुन्या घरांतील एकट्या माणसांचा हा घोर फार मोठा असतो. मरणापेक्षाही त्याचेच भय त्यांना अधिक वाटते. मुलगा सुटी काढून आला तेव्हा माईंनी त्याला समोर बसवून वाटणी केली. टाक आणि अन्नपूर्णा त्याच्याकडे. रोज जमले नाही तर सणावारी का होईना, दोन फुले वाहावयाची. शंख-घंटा आमच्या घरी. बाळकृष्णाकडे बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "हा बांकडे जाईल. त्याला आता त्यांच्या हाताची सवय झाली आहे."

२०२४ च्या आषाढात माई गेल्या.

वाचकहो, आपल्या आळीत असे एखादे घर असेलच. जिन्यात दिवा उशिरा लागत असेल, दुधाची पिशवी दारातच पडून राहत असेल. तेथे जाल तेव्हा प्रकृती कशी आहे हे विचाराच, पण त्याबरोबर "आज पूजा झाली का, फुले आणून देऊ का?" एवढे विचारा. प्रकृतीच्या प्रश्नाला माणूस "बरे आहे" म्हणून मोकळे होते. या दुसऱ्या प्रश्नाला मात्र खरे उत्तर मिळते, आणि पुष्कळदा दारही उघडते.

माईंचा बाळकृष्ण आता समोरच्या माडीवर ठाकोरजींच्या शेजारी असतो. गेल्या थंडीत बांनी त्याला लोकरीचे अंगरखे विणले, एक लाल आणि एक पिवळे.