हाडातली काच

पाण्यातून काढलेला मृतदेह चार-पाच दिवसांचा असेल तर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या हाती फारसे काही उरत नाही. ताज्या प्रेतावर बुडाल्याच्या खुणा दिसतात. तोंडा-नाकाशी पांढरा बारीक फेस असतो, फुप्फुसे फुगून जड झालेली असतात, कधी मुठीत घट्ट धरलेले गवत सापडते. कुजणे सुरू झाले की या खुणा एकेक करून पुसल्या जातात. बाहेर पोलीस आणि नातेवाईक मात्र एकच प्रश्न घेऊन उभे असतात : माणूस बुडून मेला, की मेल्यावर पाण्यात टाकला?

अशा वेळी मांडीचे किंवा छातीच्या मधले हाड काढून, न फोडता, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवतात. तिथे हाड बाहेरून स्वच्छ धुतात, आतली मज्जा काढतात आणि ती तीव्र नायट्रिक आम्लात तापवतात. चरबी, रक्त, पेशी सारे विरघळून जाते. उरलेला द्राव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ काचपट्टीवर घेतला जातो. बुडून मेलेल्या माणसाच्या या गाळात सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी नक्षीदार काच दिसते. गोल तबकड्या, होडीच्या आकाराचे तुकडे, बारीक रेघारेघांच्या पट्ट्या. आम्लाने हाडातले सगळे खाल्ले, पण हे तुकडे तसेच राहिले.

ही काच म्हणजे डायटमची कवचे. डायटम हे पाण्यात राहणारे एकपेशीय शैवाल. जिथे पाणी आणि उजेड, तिथे ते असते : समुद्र, खाडी, नदी, विहीर, ओला दगड, अगदी पाण्याच्या टाकीची भिंतसुद्धा. पाण्यातली सिलिका घेऊन ते स्वतःभोवती कवच बांधते. कवचाचे दोन भाग, एक थोडा मोठा, एक थोडा लहान, डबीवर झाकण बसावे तसे एकमेकांवर बसतात. मराठी परिभाषेत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात. कुंकवाचा करंडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आकाराने बहुतेक डायटम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात. पण पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा यांच्या नावावर आहे, म्हणजे आपल्या प्रत्येक पाचव्या श्वासाचे उसने यांच्याकडे.

ही कवचे हाडात पोचतात कशी? बुडणारा माणूस श्वासाबरोबर पाणी ओढतो. पाणी फुप्फुसांच्या वायुकोशांत शिरते, तिथला पातळ पडदा फाटतो आणि पाण्याबरोबरचे डायटम रक्तात जातात. हृदय अजून चालू असते. ते हे रक्त सगळ्या शरीरात, हाडांच्या मज्जेपर्यंत ढकलते. मेलेल्या माणसाला पाण्यात टाकले तर पाणी फुप्फुसांत झिरपू शकते, पण हृदय बंद असल्याने पुढे जाऊ शकत नाही. फुप्फुसातल्या डायटमपेक्षा मज्जेतल्या डायटमला महत्त्व आहे ते याच कारणाने. जर्मनीत १९०४ मध्ये रेव्हनस्टॉर्फ या डॉक्टरने बुडून झालेल्या मृत्यूच्या निदानासाठी ही कल्पना वापरली. नंतरच्या शंभर वर्षांत तिच्यावर जितका विश्वास टाकला गेला, तितक्याच शंकाही घेतल्या गेल्या.

शंका रास्त आहेत. नळाच्या पाण्यातही डायटम असतात. प्रयोगशाळेची भांडी नळाखाली धुतली, सुरी नीट स्वच्छ केली नाही, की काचपट्टीवर भलतेच पाहुणे हजर. शिंपले खाल्ल्यानेही काही डायटम पोटात जातात. उलट बाजूने, पाण्यात डायटमच कमी असतील किंवा माणूस पाणी फारसे न ओढताच गेला असेल, तर बुडूनही मज्जा कोरी निघते. म्हणून एक-दोन कवचे दिसली की ‘बुडून मृत्यू’ असे लिहिणे चूक. काही प्रयोगशाळा फुप्फुसात १०० मायक्रोलिटर गाळामागे २० आणि इतर अवयवांत ५ अशी किमान संख्या धरतात. पण संख्येपेक्षाही मोठा प्रश्न नावाचा आहे. हाडात सापडलेले डायटम आणि त्या पाण्यातले डायटम एकाच जातीचे आहेत का? ‘डायटम पॉझिटिव्ह’ एवढेच दोन शब्द असलेला सी. ए. रिपोर्ट कोर्टात उलटतपासणीला टिकणे कठीण, आणि टिकूही नये.

जातीचे महत्त्व किती, हे पाहण्यासाठी सावित्री नदीचे उदाहरण घेता येईल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहने पुरात गेली. नंतरच्या दिवसांत मृतदेह नदीत सापडले, खाडीत सापडले, आणि काही थेट समुद्रकिनाऱ्यावर, आंजर्ल्यापर्यंत वाहत गेलेले मिळाले. तिथे मृत्यूचे कारण सगळ्यांना माहीत होते, शंकेला जागा नव्हती. पण असाच एखादा अनोळखी मृतदेह, मागची काही माहिती नसताना, किनाऱ्यावर लागला तर? मज्जेत गोड्या पाण्यातले डायटम निघाले तर माणूस वर कुठेतरी नदीत बुडाला. खाऱ्या पाण्यातले निघाले तर समुद्रात किंवा खाडीत. तपासाची दिशाच बदलते, पोलीस ठाण्याची हद्दसुद्धा.

खाऱ्या पाण्यातली मंडळी तशी ठसठशीत असतात. कॉसिनोडिस्कस म्हणजे चाळणीसारखी भोके असलेली गोल तबकडी. स्केलेटोनिमाच्या पेशी मण्यांच्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या. कीटोसेरॉसला लांब काटे. प्लूरोसिग्मा इंग्रजी ‘एस’सारखा वळलेला. किनारी पाण्यात बारीक जाळी ओढली तर पावसाळ्यानंतर ही मंडळी भरभरून मिळतात. गोड्या पाण्यात दगडाला देठाने चिकटलेला, गदेच्या आकाराचा गोम्फोनिमा भेटतो. शहरातून वाहणाऱ्या, सांडपाणी मिसळलेल्या नदीत नित्झशिया पालिया फोफावतो. अमेरिकेतल्या पामर यांनी १९६९ मध्ये प्रदूषण सहन करणाऱ्या शैवालांची यादी केली, तिच्यात हा अगदी वरच्या क्रमांकावर आहे. गोल ते सगळे एका गटात, लांबट ते दुसऱ्या, ही झाली पहिली ढोबळ वाटणी. तिथून पुढे मात्र वाट अवघड होते.

करंडा वरून पाहिला तर गोल, बाजूने पाहिला तर चौकोनी. एकच पेशी काचपट्टीवर कशी पडली यावर तिचे रूप ठरते, आणि नवखा माणूस दोन नावे लिहून मोकळा होतो. दुसरी गंमत अशी, की पेशीचे विभाजन होते तेव्हा करंड्याचे झाकण एकीकडे जाते आणि तळ दुसरीकडे, आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याला आलेला भाग झाकण समजून आत नवा तळ बांधतो. तळ ज्याच्या वाट्याला आला, तो आधीपेक्षा लहान होतो. पिढ्यान्‌पिढ्या असे घडत आकार घटत जातो, मग एका टप्प्यावर लैंगिक पुनरुत्पादनातून पुन्हा मोठी पेशी तयार होते. तेव्हा लांबी-रुंदी पाहून जात ठरवणे धोक्याचे. जाणकार दहा मायक्रॉनमध्ये किती रेघा बसतात ते मोजतात, मधली फट कुठे संपते ते पाहतात, तेलात बुडवलेल्या शंभर पटीच्या भिंगाखाली तासन्‌तास बसतात. काही जाती तर गोड्या आणि मचूळ अशा दोन्ही पाण्यांत सुखाने नांदतात. त्यांच्यावरून काही ठरवता येत नाही.

या कामाला नकाशा लागतो, म्हणजे कोणत्या पाण्यात कोण राहतो याची नोंद. महाराष्ट्रात ती काही प्रमाणात आहे, आणि ती ज्यांनी केली त्यांची नावे जीवशास्त्राच्या वर्गाबाहेर कोणाला माहीत नाहीत. एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर परिसर, राधानगरी, पन्हाळगड इथले पाणी गोळा करून त्यातले डायटम ओळखले आणि त्यांची चित्रे काढली. पन्हाळ्याच्या डायटमवरचा त्यांचा लेख १९५९ मध्ये ‘हायड्रोबायोलॉजिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. गडावर इतिहासाची मंडळी तटबंदी पाहत होती, हा माणूस तिथले पाणी बाटलीत भरत होता. १९८४ मध्ये सरोदे आणि कामत यांचे महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या डायटमवरचे पुस्तक औरंगाबादहून प्रसिद्ध झाले.

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. रस्ता समाजसुधारक आगरकरांच्या नावाचा आणि संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची, यात रिक्षावालेच काय, शिकलेसवरलेलेही गोंधळतात. आघारकर मूळचे मालवणचे. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यात जेलीफिश असतात हे त्यांनी दाखवून दिले होते. त्यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत आज डायटमवर संशोधन चालते. गांधींनी कोल्हापुरातून नोंदवलेल्या गोम्फोनिमांचा फेरअभ्यास बी. कार्तिक आणि अमेरिकेतले पॅट्रिक कोसिओलेक यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. युरोपात छापलेली पुस्तके समोर ठेवून इथल्या डायटमना तिथली नावे चिकटवण्याची सवय जुनी आहे, आणि ती फसवी आहे. खाऱ्या पाण्याचे काम मुख्यतः गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चालते. ती १९६६ ची.

जात ओळखण्याचा प्रश्न मेलेल्यांपुरता नाही. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले. उलट्या-जुलाब झाले, ते नेहमीचेच. पण काहींची स्मृती गेली, आणि काहींची कायमची गेली. तिघे दगावले. विष होते डोमोइक आम्ल, आणि ते बनवणारा निघाला एक डायटम. तोवर डायटम निरुपद्रवी, असाच समज होता. त्या वेळी तो नित्झशिया कुळात होता, पुढे त्याची रवानगी स्यूडो-नित्झशिया कुळात झाली. या कुळातल्या विषारी आणि बिनविषारी जाती साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्या दिसतात. नेमकी ओळख पटवायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

भारतात घडलेल्या विषबाधा दुसऱ्या प्रकारच्या वनस्पतिप्लवकांमुळे झाल्या, डायनोफ्लॅजेलेटमुळे. १९८१ मध्ये तमिळनाडूत शिंपले खाऊन ८५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तिघे मरण पावले. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये केरळात विळिंजम इथे सात जण गेले आणि पाचशेच्या वर लोक रुग्णालयात आले. याला लकवा आणणारी शिंपला-विषबाधा म्हणता येईल. शिंपले पाणी गाळून खातात, विष त्यांच्या मांसात साठते, त्यांना स्वतःला फारसा त्रास होत नाही. आणि हे विष शिजवल्याने जात नाही. कितीही उकळा, कितीही कोकम घाला.

तिसऱ्या, कालवे, खुबे खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात ओठ आणि जिभेला मुंग्या आल्या, मग चेहरा, बोटे बधिर झाली, बोलणे जड झाले, चालताना तोल जाऊ लागला, तर ते अजीर्ण नव्हे आणि मनाचे खेळही नव्हेत. विष नसांमधले सोडियमचे दरवाजे बंद करते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही. पण पहिले बारा ते चोवीस तास कृत्रिम श्वास मिळाला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणून वाट न पाहता व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात पोचावे, काय खाल्ले ते पहिल्याच वाक्यात सांगावे आणि उरलेली आमटी फेकून न देता बरोबर न्यावी. रात्री-अपरात्री असा रुग्ण आला तर डॉक्टरच्या मनात मण्यार चावल्याची शंका आधी येते, शिंपल्यांची येत नाही. युरोपात शिंपल्यांच्या पाण्याचे नमुने नियमित तपासतात आणि विष आढळले की विक्री बंद करतात. आपल्याकडे ओहोटीला खाडीत उकरलेल्या तिसऱ्या दोन तासांत बाजारात आणि चार तासांत ताटात असतात. दापोली-गुहागरला शनिवार-रविवार गाठणाऱ्या पुणेकरांच्या ताटातही.

नोव्हेंबर २०२० मध्ये जुहू आणि देवगडच्या किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या चमकल्या, लोकांनी मोबाइलवर चित्रीकरण केले. तो नॉक्टिल्युका. तो लकवा आणणारे विष बनवत नाही, पण त्याची दाटी झाली तर पाण्यात अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो आणि मासे दूर जातात किंवा मरतात. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमचे राज्य असे, गेल्या काही वर्षांत तिथे हिरवा नॉक्टिल्युका पसरला आहे. गोव्याचे जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी २०१४ मध्ये याचा संबंध प्राणवायू कमी झालेल्या पाण्याच्या फैलावाशी जोडला. भारतातल्या इतर शास्त्रज्ञांना तिथे प्राणवायूची कमतरता आढळली नाही. वाद चालू आहे, आणि तो मिटवायलाही कोणीतरी महिनोन्‌महिने पाण्याचा थेंबन्‌थेंब पाहून मोजणी करावी लागते.

परत हाडाकडे. पावसाळ्यात खडकवासल्यापासून खाली मुळा-मुठेत मृतदेह सापडण्याचे प्रमाण वाढते. डायटमची वस्ती ऋतूप्रमाणे बदलते. जूनमधल्या पाण्याशी सप्टेंबरमधले हाड जुळवण्यात अर्थ नाही. मृतदेह सापडला त्याच दिवशी, त्याच जागचे आणि जिथे पडल्याचा संशय आहे तिथले, अशा दोन ठिकाणांचे पाणी वेगवेगळ्या कोऱ्या बाटल्यांत भरून, जागा, तारीख आणि वेळ लिहून हाडाबरोबर पाठवायला हवे. बाटली आधी नळाखाली धुतलेली नसावी.