गुरांच्या दवाखान्यात मोती आणि मनी

शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे जयगड. एका अंगाला किल्ला आणि बंदर, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातले तवसाळ, मध्ये फेरीबोट. रत्नागिरी शहर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. माणूस आजारी पडला तर हे अंतर कसेबसे निभावते. पडवीतल्या मोतीने दोन दिवस भाकरीला तोंड लावले नाही, की मात्र घरात चर्चा सुरू होते ती औषधाची नव्हे, वाहनाची. लाळ गाळणारा कुत्रा एसटीत कोण घेणार? ओळखीचा रिक्षावाला मिळाला तर मागे गोणपाट अंथरून न्यायचा, एवढाच मार्ग.

गावाकडच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लोक 'गुरांचा दवाखाना' म्हणतात, आणि त्यांचे चुकत नाही. मुळात ही व्यवस्था कष्टाच्या आणि दुधाच्या जनावरांसाठी उभी राहिली. १८८६ मध्ये परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा मुंबईची ट्रामसुद्धा घोडे ओढत होते. दवाखान्याच्या अंगणातला लोखंडी खोडा आजही बैलाच्याच मापाचा असतो. त्याच्या शेजारी पिशवीत घातलेली मनी आणि दोरीला हिसडे देणारा मोती घेऊन माणसे ताटकळत असतात, आणि पुढच्या नंबराला कोणाची तरी व्यायलेली म्हैस असते.

या दवाखान्यांत दोन श्रेणी असतात, हे अनेक मालकांना ठाऊक नसते. श्रेणी-१ चा कारभार पदवीधर पशुधन विकास अधिकाऱ्याकडे असतो. श्रेणी-२ मध्ये साधारणपणे पदविकाधारक पर्यवेक्षक काम पाहतो. लस, जखम, जंत यांसाठी जवळचा दवाखाना पुरतो. एक्स-रे, रक्ताच्या सविस्तर तपासण्या, मोठी शस्त्रक्रिया म्हटली की शहर गाठावे लागते.

अंतर एवढे असल्यामुळे निम्मी तपासणी घरातच व्हावी लागते. डॉक्टर विचारतात: कधीपासून खात नाही? पाणी पितो का? लघवीचा रंग कसा? शेवटची लस कधी दिली? आणि उत्तर येते, 'आजीला माहीत.' भाकरी घालते आजी आणि दवाखान्यात घेऊन येतो नातू, हा तर घरोघरचा अनुभव. जनावर बोलत नाही. आजीला एक फोन लावला तर निदान निम्म्याने सोपे होते.

तापाचेच घ्या. 'नाक गरम लागतंय' एवढ्यावर माणसाची गोळी चारली जाते. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्या हाताला तो कायम गरमच लागणार. मांजराला पॅरासिटामॉल दिले तर ते विषच ठरते. त्याच्या यकृताला हे औषध नीट पचवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. लहान मुलाला देतो तेवढी मात्रासुद्धा जीव घेऊ शकते.

खरा ताप अनेकदा गोचिडांमुळे आलेला असतो. गोचिडांतून जाणारे बॅबेसिया आणि एर्लिकिया हे जंतू कुत्र्याचे रक्त पोखरतात. खाणे सुटते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते, कधी लघवी गडद होते. वेळेत रक्त तपासले तर यावर उपचार आहेत. म्हणून अंगावरचे गोचीड काढून टाकले असले तरी ते होते, हे डॉक्टरांना सांगायचेच.

काही संकटे खास किनारपट्टीची. मोहोराच्या दिवसांत आंब्याच्या बागेत फवारणी होते. औषधाच्या डब्यातले पाणी प्यायलेला राखणीचा कुत्रा थरथरू लागला, तोंडाला फेस आला, तर त्याच्याबरोबर डबाही दवाखान्यात न्यावा; उतारा कोणता द्यायचा हे लेबलावरून ठरते. मासळीच्या वासाने मांजर गळ गिळते. तोंडातून दोरी लोंबताना दिसली तरी ओढू नये, आत गळ अधिक रुततो. कातळावर फुरसे असते. ते चावल्यावर सूज येते, रक्त गोठेनासे होते. दोरी आवळणे, ब्लेडने कापणे यात वेळ घालवण्यापेक्षा कुत्र्याला चालवू न देता उचलून न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष जनावरांनाही देता येते. ते कुठे शिल्लक आहे हे निघण्यापूर्वी फोन करून विचारलेले बरे.

रेबीजच्या लसीत मात्र अंतराची सबब चालत नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली मात्रा, मग डॉक्टर सांगतील तशी पुढची आणि दरवर्षी एक. मांजरालाही हीच शिस्त. अनेकजण शहरातल्या औषधाच्या दुकानातून लस आणतात आणि गावातल्या 'सुई मारणाऱ्या'कडून टोचून घेतात. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे. एप्रिलच्या उन्हात डिकीतून आलेल्या कुपीचा भरवसा धरता येत नाही. शिवाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे; किरकोळ सेवा पदविकाधारकाने द्यायच्या त्याही त्याच्या देखरेखीखाली.

कुत्रा माणसाला चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस काय, जनावर काय, वाचणे जवळजवळ अशक्य.

या सगळ्यासाठी एक साधे कार्ड पुरते. लसीची तारीख, जंताच्या औषधाची तारीख, वजन आणि आधी झालेले आजार त्यावर लिहावेत. मागच्या बाजूला जवळच्या दवाखान्याची वेळ, तिथला दूरध्वनी आणि शहरातल्या एका डॉक्टरांचा क्रमांक. गोठ्यात गुरे असतील तर फिरत्या पथकासाठीचा १९६२ हा निःशुल्क क्रमांकही त्याखाली येऊ द्या. आणि हे कार्ड कपाटात ठेवू नका. पडवीत, मोतीची साखळी अडकवता त्याच खुंटीला टांगा.