मंगळागौरीची स्पर्धा आणि अर्जातला एक रकाना



श्रावण जवळ आला की आपल्या मंदिरात मंगळागौरीच्या खेळांची गडबड सुरू होते. स्पर्धेसाठी संघांची नावनोंदणी सुरू झाली आहे आणि अर्ज देणगीच्या टेबलावर ठेवले आहेत. संघाचे नाव, खेळांचा क्रम, गाण्याची फाईल हे रकाने सगळ्याजणी उत्साहाने भरतात. 'आजार व चालू औषधे' या रकान्यात मात्र बहुतेकींचे उत्तर असते, "काही नाही." आपल्यातल्या निम्म्याअधिक जणींनी साठी ओलांडली आहे. इतकी वर्षे इथे जीपी म्हणून काम केल्यावर या उत्तरावर माझा विश्वास कसा बसावा?

गेल्या वर्षी तालमीत फुगडी घालताना एका ताईंचा हात सुटला आणि डोके जमिनीवर आपटले. "काही झालं नाही, चहा द्या," म्हणत त्या उठून बसल्या. अर्जात काहीच लिहिलेले नव्हते. पर्समध्ये रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सापडल्या. अशा गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी हॉस्पिटलमध्ये तपासून घ्यावेच लागते. आतला रक्तस्राव काही तासांनीही त्रास देऊ शकतो. आम्ही त्यांना लगेच नेले. स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव दिसला. देवीच्या कृपेने आज त्या ठणठणीत आहेत. का लिहिले नाही, असे विचारल्यावर म्हणाल्या, "लिहिलं असतं तर संघात घेतलं असतं का?"

मैत्रिणींनो, हा रकाना कोणाला वगळण्यासाठी नाही. त्यावरून कोणी कोणता खेळ खेळायचा हे ठरवता येते. गुडघा बदललेला असेल, तर बसफुगडी आणि कोंबडा दुसरीला द्या. तुम्ही झिम्मा खेळा, गाणे धरा. उठताना चक्कर येत असेल किंवा हाडे ठिसूळ असतील, तर गरगर फिरणारी फुगडी नको. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली मारायचा स्प्रे दिला असेल, तर तो पर्समध्ये आहे हे शेजारणीला सांगून ठेवा.

मधुमेहाच्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी नाचले, तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. उपवास करायचा असेल तर आधी जीपी किंवा फार्मसिस्टशी बोला. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका.

अर्ज भरताना रिपीट प्रिस्क्रिप्शनची चिठ्ठी समोर ठेवा आणि औषधांची नावे तशीच उतरवून काढा. अडचणीच्या वेळी फोन उचलेल अशा घरच्या माणसाचा नंबर लिहा. मुलगा ऑस्ट्रेलियात असेल, तर शेजाऱ्यांचा द्या. तालमीत खेळताना बोलता आले पाहिजे. दोन शब्दांत दम लागला, तर बसा. छातीत दुखू लागले आणि थांबूनही कमी होत नसेल, तर वाट न पाहता 999 ला फोन करा.

शेवटी एक विनंती. काही भगिनी केवळ पेन्शनवर एकट्या राहतात. संघाचे शुल्क आणि तालमीला येण्याचे टॅक्सीभाडे त्यांना जड जाते. ट्रस्टच्या सेवा निधीत यथाशक्ती भर घालावी, किंवा गाडीतली एक जागा द्यावी.

अर्ज भरायला मदत हवी असेल, तर रविवारी आरतीनंतर मी टेबलापाशी असेन. यंदा मीही संघात आहे, आणि माझा रकाना चांगला चार ओळींचा आहे!

आपली,
एक निवृत्त डॉक्टर