बारदान, लुगडं आणि वाळका भोपळा

हिवाळ्यात नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळत पडली की रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका लागतो. मिरची पोत्यांत भरून बाजारात जाते, खपते आणि मागे बारदान उरतं. त्यातलं तागाचं बारदान जुनं झालं तरी चिवट राहतं. घर सजवायला निघालेल्याने दुकान गाठण्याआधी असं एखादं पोतं मिळवावं.

मिरचीचं बारदान असेल तर आधी नाकाला फडकं बांधून ते घराबाहेर झटकायचं, साबणाच्या पाण्यात भिजवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. ताग कापताना कात्री तिरकी जाते. म्हणून जिथे कापायचं तिथला एक धागा ओढून काढावा. राहिलेल्या रेघेवरून कात्री सरळ चालते. कडा दुमडून तिथे जुन्या साडीचा काठ शिवला की मेजावरची पट्टी किंवा भिंतीवर टांगायचा कप्पा तयार होतो. तेलाच्या रिकाम्या डब्याला तेच बारदान गुंडाळलं की कुंडी झाली. डब्याला तळाशी भोकं मात्र हवीत, नाहीतर रोपाची मुळं कुजतात.

साडीचा मोठा उपयोग मात्र खानदेशाला, साऱ्या महाराष्ट्रालाच, फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गोधडी. एका नऊवारी लुगड्यात मोठ्या गोधडीच्या दोन्ही बाजू निघतात. आत विरलेली धोतरं, चादरी, फाटके सदरे जातात. कडेपासून सुरू झालेला धावदोरा चौकोनात फिरत मध्याकडे येतो. अनेक घरांत शेवटची जागा शिवून बंद करण्याआधी आत पोळीचा तुकडा ठेवतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून! इतकं जीव लावून शिवलेली वस्तू माळ्यावरच्या बोचक्यात पडून राहावी, हे फार वाईट. ती बाहेर काढावी, दिवाणावर घालावी. भिंतीवर लावायची तर खिळे ठोकू नयेत. मागे वरच्या कडेला कापडाची लांब नळी शिवून तिच्यात बांबूची काठी घातली की वजन सगळीकडे सारखं विभागतं. उन्हाची भिंत टाळावी, जुने रंग लवकर उडतात.

गोधडीसारखंच जुनं लाकूडही जपण्याजोगं आहे. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं आली. तिथल्या अनेक कुटुंबांनी घरं सोडताना सागाचे खांब नि कौलं उतरवून नव्या वसाहतीत नेली आणि त्यांतून घरं पुन्हा उभी केली. त्या खांबांची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. आज मातीकुडाचं घर पाडून स्लॅब टाकताना जुनी दारं, फळ्या मातीमोल भावाने विकल्या जातात. त्यातली एक फळी घासून, जवसाचं तेल पाजून भिंतीवर बसवली तर तिच्यासारखी मांडणी सहज विकत मिळणार नाही.

आणि भोपळा. सातपुड्यातल्या आदिवासी घरांत वाळक्या दुधी भोपळ्यात पाणी, बियाणं ठेवण्याची रीत आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत ‘बुध्या’ झालेले पुरुष हेच भोपळे कमरेला बांधून नाचतात. कोवळ्याची भाजी होते. वेलावरच वाळू दिला तर साल लाकडासारखी कडक होते. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की भोपळा तयार. देठाकडे करवतीच्या पात्याने तोंड कापून आत पाणी भरून ठेवावं. काही दिवसांत गर मऊ पडतो, तो चमच्याने खरवडून निघतो. पुन्हा पूर्ण वाळला की पेन्सिलीने नक्षी काढून तिच्यावर बारीक भोकं पाडायची. तळाशी मोठं भोक करून दिवा आत सोडायचा. दिवा लहान एलईडीचाच घ्यावा, कारण तारेचा बल्ब तापून साल करपवतो. बिया फेकू नयेत. पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणाशी लावल्या तर पुढच्या दिव्याचा वेल परसातच चढतो.