मतें अनेक, पंगत एक

बीड जिल्ह्यांतील वडवणी या तालुक्याच्या गांवाहून पश्चिमेची वाट धरली म्हणजे बीड ओलांडून अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, लागतें. उत्तरेस गेलें तर जालना येतें. वायव्येस छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, आहे. या तिन्ही शहरांत एकोणिसाव्या शतकांत मराठी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या; परंतु त्या तीन निरनिराळ्या पंथांच्या होत्या.

नगरास १८३१ सालीं अमेरिकन मराठी मिशननें आपलें ठाणें केलें. हें मिशन मुख्यत्वें काँग्रिगेशनल पंथाचें होतें. प्रत्येक गांवच्या मंडळीनें आपला कारभार आपणच पाहावा, असा त्या पंथाचा दंडक. जालन्यास रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीनें काम केलें व शहराजवळ ‘बेथेल’ नांवाची ख्रिस्ती वस्ती वसविली. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या या गृहस्थांनीं १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला होता. त्यांचा पंथ प्रेसबिटेरियन. त्यांत मंडळीची सूत्रें निवडलेल्या वडिलांच्या सभेकडे असतात. औरंगाबादेस इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचें काम होतें, व पारशी कुळांतून ख्रिस्ती झालेले रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनीं तेथें सेवा केली. हा पंथ अँग्लिकन. त्यांत बिशपाच्या अधिकारावांचून मंडळीची घडण पूर्ण मानीत नाहींत.

त्या काळीं प्रॉटेस्टंट मिशनांनीं कामाचे प्रदेश आपापसांत वांटून घेतले होते. एकाच्या मुलखांत दुसऱ्यानें शिरूं नये, असा तो शिष्टाचार. त्यामुळें पुष्कळ भांडणें टळलीं हें खरें. परंतु त्यांतून एक चमत्कारिक परिणाम घडून आला. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या खेडुताचा पंथ त्याच्या विचारानें ठरला नाहीं. त्याचें गांव कोणाच्या वांटणींत गेलें यावरून ठरला. जे वाद जिनीव्हा, एडिंबरो व लंडन येथें माजले, त्यांचा वारसा गोदाकांठच्या माणसाकडे न मागतां आला. मुलगी एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत सासरीं गेली कीं प्रश्न उभा राही. तिचें बिशपाच्या हातून दृढीकरण झालेलें नसे. मग प्रभुभोजनाच्या वेळीं तिनें पुढें यावें कीं मागें थांबावें? प्रभु तोच, शास्त्र तेंच, भाषाही मराठीच. पण पंगत निराळी.

कारभाराच्या पद्धतीचे हे भेद वरवरचे आहेत असें क्षणभर धरलें, तरी त्यांच्याखालीं कांहीं खोल भेद आहेत, आणि ते समजून घेतल्यावांचून ऐक्याची भाषा बोलणें पोकळ ठरतें. त्यांपैकीं तीन मुख्य आहेत.

पहिला भेद परमेश्वराच्या स्वरूपाविषयींचा. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन असूनही परमेश्वर एकच, या सिद्धांतास त्रैक्य म्हणतात. इ. स. ३२५ मध्यें निकिया येथील धर्मसभेनें पुत्र हा पित्याशीं एकतत्त्व आहे असा निर्णय दिला, व बहुतेक सर्व मोठे पंथ आजही तो मानतात. तथापि येशूस गुरु व तारक मानूनही हें सूत्र न पटलेले लोक प्रत्येक शतकांत होऊन गेले आहेत.

दुसरा भेद तारणाविषयींचा. मनुष्याचें तारण केवळ देवाच्या कृपेनें व विश्वासानें होतें, कीं त्यांत त्याच्या सत्कर्मांचाही कांहीं वांटा असतो? जर्मनींत मार्टिन ल्यूथर यांनीं १५१७ सालीं जो वाद उभा केला, त्याचें मूळ येथेंच आहे. हा प्रश्न भारतीय मनाला अपरिचित नाहीं. दक्षिणेंतील वैष्णव आचार्यांच्या परंपरेंत दोन दृष्टांत प्रसिद्ध आहेत. वानरीचें पिलूं आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतें. मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्यास तोंडांत धरून नेते. भक्तानें वानरीच्या पिलासारखें असावें कीं मांजरीच्या, यावर तेथेंही दोन पक्ष पडले. आई आपल्या पिलास टाकीत नाहीं, हें मात्र दोन्ही पक्षांना मान्य होतें. ख्रिस्ती वादाचेंही बरेंचसें तसेंच आहे.

तिसरा भेद बाप्तिस्म्याचा. तान्ह्या बालकास आईबापांच्या विश्वासावर बाप्तिस्मा द्यावा, कीं मनुष्यानें जाणतें होऊन स्वतः विश्वास प्रकट केल्यावरच तो द्यावा? बाप्टिस्ट, ब्रदरन व डिसायपल्स या मंडळ्या दुसरें मत धरतात. इतर बहुतेक पंथ पहिलें.

अशा भेदांत मनुष्यानें कसें वागावें, याची खरी कसोटी एका मराठी स्त्रीच्या चरित्रांत दिसते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या व त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वॉन्टेज येथें त्यांनीं कन्या मनोरमेसह अँग्लिकन पंथांत बाप्तिस्मा घेतला. आईबाप दुष्काळांत गेलेले, पति वारलेले, पदरीं लहान मूल. परक्या देशांत आश्रय होता तो तेथील अँग्लिकन भगिनींच्या मठाचा. मठांतील सिस्टर जेराल्डिन यांनीं त्यांच्या धर्मशिक्षणाचा भार घेतला. त्यांस रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत.

परंतु थोड्याच दिवसांत मतभेद सुरू झाले. त्रैक्याचें सूत्र जसेंच्या तसें उच्चारणें रमाबाईंच्या बुद्धीस पटेना. जें शास्त्रांत आपल्याला स्पष्ट दिसत नाहीं तें केवळ धर्माधिकारी सांगतात म्हणून मान्य करावयाचें नाहीं, असा त्यांचा बाणा होता. स्वदेशांतील पुरोहितांचें जोखड झुगारून आलेली आपण दुसऱ्या पुरोहितांचें जोखड मानेवर घेणार नाहीं, असें त्यांनीं पत्रांतून निक्षून कळविलें. अंडें घातलेला पदार्थ त्या खात नसत. क्रुसावर लॅटिन अक्षरें कशासाठीं, संस्कृत कां नकोत, असेंही त्यांनीं विचारलें. सिस्टर जेराल्डिन यांस हा अहंकार वाटला. आपण दाखविलेल्या वाटेवरून ही बुद्धिमान शिष्या घसरत आहे, अशी त्यांस मनापासून चिंता वाटे.

या वादांत रमाबाईंचें काय पणास लागलें होतें, हें लक्षांत घेतलें पाहिजे. ज्यांच्या आधारानें राहणें, शिकणें व मुलीचें संगोपन चाललें होतें, त्यांच्याशींच मतभेद होता. ‘मला पटलें’ एवढे दोन शब्द तोंडदेखले उच्चारले असते तर सगळें सुरळीत झालें असतें. ते त्यांनीं उच्चारले नाहींत. चेल्टनहॅम येथील महिला विद्यालयाच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनीं मात्र निराळी वाट धरली. रमाबाईंच्या शंकांना त्यांनीं पाखंड म्हटलें नाहीं. एकेका शंकेस त्या पत्रांतून शांतपणें उत्तर देत राहिल्या. बीलबाई स्वतः त्रैक्य मानणाऱ्या होत्या. आपलें मत त्यांनीं लपविलें नाहीं व दुसऱ्यावर लादलेंही नाहीं.

पुढें काय झालें तें महाराष्ट्रास ठाऊक आहे. १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन, नंतर केडगांवचें मुक्ति मिशन. १८९६–९७ व १९०० या वर्षांच्या दुष्काळांत वांचविलेल्या शेंकडों मुली व स्त्रिया. आणि अखेरीस हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठींत केलेलें संपूर्ण बायबलाचें भाषांतर. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनीं त्यांची श्रद्धा दृढ झाली, ती स्वतःच्या शोधानें. १९०७ सालच्या आत्मनिवेदनांत त्यांनीं ही हकीकत सांगितली आहे. केडगांवची संस्था त्यांनीं कोणत्याही एका पंथास बांधली नाहीं. आणि ‘आजीबाईं’शीं नातें? तें तुटलें नाहीं. ज्या पत्रांत इतके तीव्र वाद झाले तीं सिस्टर जेराल्डिन यांनींच जपून ठेविलीं, संकलित केलीं. १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें तीं प्रसिद्ध केलीं. मतभेद राहिला आणि नातेंही राहिलें.

कवि नारायण वामन टिळक यांची वाट याच दिशेची. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व बरींच वर्षें अमेरिकन मराठी मिशनमध्यें काम केलें. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत बंधु म्हणून एकत्र यावेत, असा त्यांचा हेतु होता. १९१९ सालीं टिळक वारले व तें कार्य अपुरें राहिलें. पण ख्रिस्ती बंधुत्वाची सीमा परदेशांतील पंथांनीं आंखून दिलेलीच असली पाहिजे काय, हा प्रश्न त्यांनीं मराठी मनांत पेरून ठेविला.

व्यक्तींनीं जें केलें तें संस्थांना करण्यास फार काळ लागला. १९२४ सालीं प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांची मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. म्हणजे जालन्याची व नगरची वाट एकत्र आली. १९२९ सालीं लखनौस व्यापक ऐक्याची बोलणीं सुरू झालीं. दक्षिणेंत १९४७ सालीं ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झालें. उत्तरेस मात्र एकेचाळीस वर्षें चर्चा चालली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्यांचें मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालें. अँग्लिकन मंडळीही त्यांत आल्यामुळें औरंगाबादची वाट त्या दोन वाटांना मिळाली.

इतका विलंब कां लागला? बिशप असावा कीं नसावा, पाळकांची दीक्षा परस्परांनीं कशी मान्य करावी, आणि बाप्तिस्म्याचें काय, हे प्रश्न कठीण होते. शेवटीं बाप्तिस्म्याविषयीं जी तोड निघाली ती मननीय आहे. दोहोंपैकीं कोणतीही एक रीत चुकीची ठरविली नाहीं. बालकांचा बाप्तिस्मा व जाणत्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती एकाच मंडळींत मान्य झाल्या. ज्या पाळकाच्या सदसद्विवेकबुद्धीस बालकाचा बाप्तिस्मा पटत नाहीं, त्याच्यावर तो करण्याची सक्ती नाहीं. त्यासाठीं दुसऱ्या पाळकास बोलावितां येतें. थोडक्यांत, प्रश्न सोडविला नाहीं. तो सुटेपर्यंत पंगत अडवून ठेवावयाची नाहीं, एवढें ठरविलें.

हें ऐक्य निर्दोष झालें असें मात्र नाहीं. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अखेरच्या वेळीं बाहेर राहिली. गुजरातेंतील ब्रदरन मंडळीच्या विलीनीकरणाचा व मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २०१३ सालीं त्याचा निकाल विलीनीकरणाच्या विरुद्ध लागला. सभेच्या ठरावानें नांव एक होतें. मनें एक होण्यास ठराव पुरत नाहीं, हाच त्याचा बोध.

तारणाविषयींचा जुना तंटाही अलीकडे बराच निवळला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें रोमन कॅथॉलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनीं एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मनुष्य देवापुढें स्वीकारला जातो तो कृपेनें व ख्रिस्तावरील विश्वासानें, स्वतःच्या पुण्याईनें नव्हे. आणि सत्कर्में हें त्या कृपेचें फळ होय, असें दोहों पक्षांनीं एकमुखानें सांगितलें. उरलेले भेद त्यांनीं लपविले नाहींत. पण त्यांसाठीं पूर्वजांनीं एकमेकांवर उच्चारलेले धिक्कार आजच्या या शिकवणीस लागूं पडत नाहींत, असें जाहीर केलें.

महाराष्ट्रांतही कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांची धर्मभाषासुद्धां वेगळी. एकजण ‘बाप्तिस्मा’ म्हणतो, दुसरा ‘स्नानसंस्कार’. एक ‘पाळक’ म्हणतो, दुसरा ‘धर्मगुरु’. परंतु फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूंचें १६१६ सालचें ‘ख्रिस्तपुराण’ दोघेही आपलें मानतात. वसईचे कॅथॉलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्यें बीडच्या शेजारच्या उस्मानाबादेस, म्हणजे आतांच्या धाराशिवास, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते. त्या मांडवांत बसलेल्या श्रोत्यांत सर्व धर्मांचे व पंथांचे मराठी लोक होते.

या सर्व हकीकतींवरून सहिष्णुतेचा अर्थ स्पष्ट होतो. सहिष्णुता म्हणजे ‘सगळें सारखेंच, वाद कशाला’ अशी उदासीनता नव्हे. रमाबाई उदासीन नव्हत्या, सिस्टर जेराल्डिनही नव्हत्या. सत्याची चाड दोघींनाही होती. ज्यास सत्याची चाड नाहीं त्यास सहिष्णु होण्याचा प्रसंगच येत नाहीं. तसेंच ऐक्य म्हणजे एकसारखेपणा नव्हे. आपलें मत प्रामाणिकपणें मांडावें, दुसऱ्याचें मत तितक्याच धीरानें ऐकावें, आणि त्याचा विचार पूर्ण होईपर्यंत त्याला पानावरून उठवूं नये, एवढेंच ऐक्याचें मागणें आहे. परमेश्वराचें स्वरूप मानवी सूत्रांत संपूर्ण मावत नाहीं, ही गोष्ट तर सर्वच पंथांचे आचार्य मान्य करतात. मग सूत्र उच्चारण्यांत अडखळणाऱ्याला बाहेर काढण्याची घाई कोणी कां करावी?

वडवणीहून निघणाऱ्या त्या तीन वाटा आजही तीन दिशांना जातात, आणि तिन्ही शहरांतील जुनीं देवळें आपापल्या घडणीचीं आहेत. परंतु त्या तीन जुन्या मंडळ्यांच्या वारसांपैकीं एकीच्या घरची मुलगी आज दुसरीच्या घरीं सून म्हणून गेली, तर रविवारीं प्रभुभोजनाच्या वेळीं तिला मागें थांबण्याचें कारण उरलेलें नाहीं. दीडशें वर्षांच्या वादविवादानंतर साधलेली गोष्ट एवढीच आहे. आणि ती लहान नाहीं.