एका झाडातली दोन रसायनं

गांजा म्हणजे औषध, असं एक बाजू ठासून सांगते आणि गांजा म्हणजे निव्वळ विष, असं दुसरी. दोन्ही बाजू गांजाला एकच पदार्थ समजतात, आणि घोळ तिथेच होतो. या झाडात कॅनाबिनॉइड नावाची शंभराहून जास्त रसायनं सापडली आहेत. वैद्यकात त्यांतली दोनच मुख्य मानली जातात : टीएचसी आणि सीबीडी.

दोघांचं रासायनिक सूत्र अगदी सारखं : कार्बनचे 21 अणू, हायड्रोजनचे 30, ऑक्सिजनचे 2. वेगळी आहे ती अणूंची मांडणी. टीएचसीत एक जादा कडं जुळलेलं असतं, सीबीडीत ते सुटं राहतं. एवढ्यामुळे टीएचसी मेंदूतल्या सीबी1 रिसेप्टरवर नेमकं बसतं आणि नशा चढते. सीबीडीला तिथे धड बसता येत नाही. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी 1964 मध्ये टीएचसी शुद्ध रूपात वेगळं काढलं, तेही पोलिसांनी जप्त केलेल्या हशीशमधून.

टीएचसी फक्त नशेचं आणि सीबीडी फक्त औषधाचं, ही वाटणीही चुकीची आहे. केमोथेरपीनंतरच्या मळमळ-उलट्यांसाठी कृत्रिमरीत्या बनवलेलं टीएचसी अमेरिकेत 1985 पासून मान्यताप्राप्त औषध आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू ताठरतात, त्यावरच्या तोंडात मारायच्या फवाऱ्यात दोन्ही रसायनं जवळपास सारख्या प्रमाणात असतात.

‘पोटात घेतलं की सौम्य लागतं’ हा समज तर धोकादायक आहे. खाल्लेलं टीएचसी यकृतात गेलं की त्यातलं बरंचसं 11-हायड्रॉक्सी-टीएचसी बनतं, आणि तेही जोरकस नशा आणतं. असर जाणवायला कधी अर्धा तास लागतो, कधी दोन तास. काहीच होत नाही म्हणून शिवरात्रीला भांगेचा दुसरा पेला घेणारा माणूस इथेच फसतो : पहिला पेला चढतो तेव्हा दुसरा पोटात गेलेला असतो.

सीबीडीचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो मुलांमधल्या दुर्धर अपस्माराबाबत. ड्राव्हे सिंड्रोम या अशाच एका अपस्माराच्या 120 मुलां-तरुणांवरची चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. सीबीडी मिळालेल्या गटात महिन्याकाठी येणाऱ्या झटक्यांची मध्यक संख्या 12.4 वरून 5.9 वर आली. मात्रा होती दर किलो वजनामागे रोज 20 मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला रोज 400. मुलांना गुंगी आली, जुलाब झाले, काहींची यकृताची एन्झाइम वाढली. व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचं औषध चालू असलेल्यांत ही एन्झाइमवाढ जास्त दिसली. क्लोबाझाम या दुसऱ्या औषधाचा परिणामही सीबीडीमुळे वाढतो. म्हणूनच ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असं सांगून आईवडिलांना चालू गोळ्या बंद करायला लावणं हा मुलाच्या जिवाशी खेळ आहे. या चाचणीत सीबीडी दिलं ते नेहमीच्या औषधांच्या जोडीनं, त्यांच्या जागी नव्हे.

हेम्प सीड ऑइलची, म्हणजे याच झाडाच्या बियांच्या तेलाची, बाटली म्हणजे सीबीडी नव्हे. ही रसायनं मादी फुलांवरच्या चिकट, सूक्ष्म ग्रंथींत तयार होतात. बियांत ती जवळपास नसतातच. बियांच्या तेलाला आपल्याकडे 2021 पासून खाद्यपदार्थ म्हणून परवानगी आहे. फुलांचे शेंडे मात्र 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाच ठरतात, आणि ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे.