वार खाली आहे

विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी. बाळाचे हातपाय, हृदय, मणका सगळं छान होतं. पण डॉक्टर म्हणाल्या, "वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडाशी. बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बघू."

म्हणजे बारा आठवडे नुसती वाट बघायची! निपाणीला घरी येईपर्यंत मी रडत होते. सासूबाई म्हणाल्या, "रडून वार वर जाणार आहे होय? पुढच्या खेपेला नीट विचार त्यांना."

विचारलं, तेव्हा कळलं, वार स्वतः सरकत नाही. गर्भाशयाचा खालचा भाग वाढतो तशी ती तोंडापासून लांब जाते. बहुतेकींचं असंच होतं. नाहीच गेली, तर सिझेरियन.

मग हातात होतं तेवढं केलं. जड उचलणं बंद. पिशवी भरून दाराशी, तायी कार्ड त्यातच. रक्तगट जुळणाऱ्या दोघांचे नंबर आणि 108 भिंतीवर.

सव्विसाव्या आठवड्यात पहाटे रक्त दिसलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून "सकाळी बघू" असं मनात आलं. सासूबाईंनी ऐकलं नाही. तासाभरात आम्ही सुमारे 40 किलोमीटरवरच्या कोल्हापुरात होतो. रक्तस्राव थांबला, दोन दिवसांनी घरी आले. डोहाळजेवण घरातच, बसल्या जागी झालं.

बत्तिसाव्या आठवड्यात वार वर गेली होती.

मैत्रिणींनो, गरोदरपणात रक्त दिसलं, तर दुखायची वाट बघू नका. लगेच निघा.